पेशवाईवरची मालिका लिहिताना: प्रेम, भाऊबंदकी आणि शकुन-अपशकुन एकात एक कसे गुंफावेत

ऐतिहासिक मालिकेच्या पटकथेत तीन ट्रॅक बहुधा ठरलेले असतात. नायक-नायिकेचे प्रेम, घरातली किंवा दरबारातली चढाओढ आणि काळाची चव यावी म्हणून अंगारे-धुपारे, ग्रहण, करणी. मालिका फसते ती हे तिन्ही ट्रॅक शेजारी शेजारी धावत राहतात म्हणून. सोमवारी प्रेम, मंगळवारी कट, बुधवारी कुठेतरी टाचण्या टोचलेले लिंबू. प्रेक्षकाला ते लिंबू काढून टाकले तरी काही बिघडणार नाही हे दुसऱ्याच आठवड्यात कळते.

पुढची पद्धत उत्तर पेशवाईतल्या पुण्यावर, म्हणजे १७६१ नंतरच्या काळावर बेतलेली आहे. तिचा पाया एका नियमावर आहे: शकुन हा पात्राच्या निर्णयाला लागू झाला पाहिजे, घटनेला नाही. मांजर आडवे गेल्यामुळे लढाई हरता येत नाही. मांजर आडवे गेले म्हणून कूच एक दिवस लांबले, त्या दिवसात शत्रूने नदीचा उतार धरला आणि म्हणून लढाई हरली, हे मात्र चालते. एवढे पाळले की प्रेम आणि भाऊबंदकी आपोआप शकुनाला येऊन चिकटतात, कारण निर्णय पुढे ढकलला गेला की कुणाचा तरी फायदा होतो आणि कुणाची तरी ताटातूट.

काळाची खिडकी अरुंद ठेवा

‘पेशवाई’ हा काळ मालिकेला फार मोठा आहे. शनिवारवाड्याचा पाया १७३० चा आणि वाडा जळाला १८२८ मध्ये. या शंभर वर्षांत पोशाख, शस्त्रे, नाणी, माणसे सगळे बदलले. दोन सोयीच्या खिडक्या आहेत. पहिली २३ जून १७६१ (नानासाहेबांचा पर्वतीवर मृत्यू) ते १८ नोव्हेंबर १७७२ (थोरल्या माधवरावांचा थेऊरला मृत्यू). राघोबादादा आणि माधवराव या काका-पुतण्याची भाऊबंदकी, राक्षसभुवनची लढाई (१० ऑगस्ट १७६३), धोडपची लढाई (१७६८), मग राघोबादादांची शनिवारवाड्यातली नजरकैद. दुसरी खिडकी याहून अरुंद आणि टीव्हीला अधिक उपयोगी: नोव्हेंबर १७७२ ते १८ एप्रिल १७७४. माधवराव गेले, नारायणराव गादीवर आले, ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी (वाड्यावरच्या पगारी शिपायांनी) त्यांचा खून केला, रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी धरले, बारभाईंनी (राघोबादादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी) जुळवाजुळव केली आणि नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंच्या पोटी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले. सतरा महिने. आठवड्याला सहा भाग धरले तरी वर्षभराला पुरून उरते.

खऱ्या व्यक्तींचे खासगी प्रेम मात्र रचू नका. वंशज आहेत, अभ्यासक आहेत, आणि नोटीस प्रोमोच्या दुसऱ्या दिवशी येते. कथा एखाद्या काल्पनिक सरदार घराण्यात घडवा आणि पेशव्यांच्या घटना तिला बाहेरून धक्के देतील अशी मांडणी करा. नारायणरावांचा खून झाला की शनिवारवाड्याचे दरवाजे बंद, वाड्यात कोण कुठे अडकले आणि कोणाच्या माणसाने गारद्यांकडून पैसे खाल्ले होते, एवढे तुमच्या कथेला पुरते.

‘ध’चा ‘मा’ (हुकुमातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले ही कथा) दाखवायचाच असेल तर ती परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे हे ध्यानात ठेवून दाखवा. कागद तीन ठिकाणी दिसू द्या: लिहिणाऱ्याच्या हातात, मधल्या माणसाच्या कमरेला, गारद्याच्या हातात. खाडाखोड करणारा हात पडद्यावर आणू नका. कुजबूज सगळ्या वाड्यात होऊ द्या. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंना दोषी ठरवण्याचे काम पात्रांनी करावे, पटकथेने नाही.

पंचांग आधी, भागांची यादी मग

लेखकांच्या खोलीत भिंतीवर पहिला कागद लागावा तो पंचांगाचा. शके काढायचा तर इसवी सनातून ७८ वजा करा. वर्ष चैत्रात सुरू होत असल्यामुळे जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंत ७९ वजा. पानिपताची १४ जानेवारी १७६१ म्हणजे पौष शुद्ध ८, शके १६८२. कागदपत्रांत सुहूर सन (त्या काळच्या दफ्तरातली एक वर्षगणना) दिसेल. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, वर्ष मृगाला बदलते. इंग्रजांच्या पत्रांतल्या सप्टेंबर १७५२ पूर्वीच्या तारखा जुन्या पद्धतीच्या असतात, अठराव्या शतकात त्या अकरा दिवसांनी मागे असतात. आधीच्या काळातला फ्लॅशबॅक घेतला की नेमकी इथे चूक होते.

तिथीचा दुसरा उपयोग प्रकाशयोजनेला. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो, पौर्णिमेचा रात्रभर असतो, वद्य दशमीचा मध्यरात्रीनंतर उगवतो. संवादात ‘वद्य एकादशी’ आणि पडद्यावर संध्याकाळी सातला पूर्ण चंद्र, ही चूक घरोघरची आजी पकडते.

वेळही घड्याळात मोजू नका. अहोरात्रीच्या साठ घटिका, एक घटिका चोवीस मिनिटांची, आठ प्रहर तीन-तीन तासांचे. ‘दोन घटका थांबा’ म्हणजे पाऊण तासाहून थोडे अधिक. हेर ‘अर्ध्या घटकेत’ पर्वतीहून शनिवारवाड्यात पोचला असे लिहिले तर त्याला घोडा लागेल.

आता या काळाचे खरे इंजिन. दसऱ्याला सीमोल्लंघन, मग मुलूखगिरी, मृगाच्या पावसाआधी फौज परत छावणीला. म्हणजे पुरुष घरी असतो तो मुख्यतः पावसाळ्यात. आणि आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी चातुर्मास: लग्ने बंद, व्रते सुरू, भाद्रपदात पितृपक्ष. नवरा घरी आहे तेव्हा मुहूर्त नाहीत आणि मुहूर्त उघडतात तेव्हा तो घोड्यावर. प्रेमकथेला विरह तयार करावा लागत नाही, पंचांग तो तयार करून देते. त्यात अधिक मास, गुरू-शुक्राचा अस्त, सिंहस्थ आले की आणखी दारे बंद होतात. भागांची रूपरेषा आखताना या बंद दारांवर खुणा करा. मोठा हुक पॉइंट (प्रेक्षकाला पुढच्या भागासाठी अडकवणारा क्षण) बहुतेक वेळा दार बंद होण्याच्या आदल्या दिवशी सापडतो.

प्रेम: वाड्याच्या नकाशावर लिहा

वाड्याचा नकाशा काढल्याशिवाय प्रेमाचा एकही प्रसंग लिहू नका. देवडी, ओसरी, दिवाणखाना, चौक, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, माडी, परसू, विहीर. प्रत्येक जागेसमोर लिहा: इथे कोणत्या प्रहरी कोण असते, कोणाला जायला मनाई आहे, इथले बोलणे कुठे ऐकू जाते. दिवसा नवरा-बायकोने वडीलधाऱ्यांसमोर एकमेकांशी बोलायचे नाही, हा नियम धरला की माडीच्या जिन्यावरचे सहा शब्दही मोठा प्रसंग होतात. आजच्या मालिकेतली गच्चीवरची मिठी इथे लागत नाही. पानाचा विडा पोचवणे, धुतलेले उपरणे बदललेले निघणे, समईची वात कोणी वाढवली हे ओळखणे, या गोष्टींवर चार-चार भाग निघतात.

वयाचा प्रश्न टाळता येत नाही. माधवराव आणि रमाबाईंचे लग्न १७५३ मधले, तेव्हा माधवराव आठ वर्षांचे होते. त्या काळातली जवळजवळ सगळी लग्ने बालपणीची. बालविवाह दाखवा, पण त्यात प्रणय घालू नका. लग्न, खेळ, भांडण, माहेरची ओढ, मग लीप (कथेची काही वर्षांची उडी), आणि प्रेमाची सुरुवात प्रौढ झालेल्या जोडप्यापासून. ‘आधीच लग्न झालेल्या दोघांनी एकमेकांच्या प्रेमात पडणे’ ही या काळाची खरी प्रेमकथा आहे आणि ती स्वयंवर-छाप कथेपेक्षा ताजीही वाटते.

बोलण्याची ढब हीच प्रेमाची भाषा. बायको नवऱ्याचे नाव घेत नाही, त्याला थेट संबोधतही नाही. ‘इकडून जेवणं व्हायची आहेत ना?’ ‘स्वारीचं येणं कधी झालं?’ ‘तिकडे सांगावं, ताप उतरला म्हणून.’ कर्ता गायब, क्रिया तेवढी उरते. हे सहा महिने पाळा आणि मग एका रात्री, एकदाच, तिच्या तोंडून ‘तुम्ही’ निघू द्या. त्याची किंमत कुठल्याही पार्श्वसंगीतापेक्षा जास्त. उलट पहिल्याच भागात ती ‘माझं तुमच्यावर प्रेम आहे’ म्हणाली तर पुढे वाढवायला काही उरत नाही. ‘प्रेम’ हा शब्दच संवादांतून हद्दपार करा. माया, ओढ, लोभ, जीव जडणे हे शब्द वापरा.

पत्रांनाही हाच नियम. कागदावर बोरूने मोडीत लिहिलेले, ओली शाई टिपायला वर वाळू टाकलेली, ‘विनंती विशेष’ने सुरू होणारे आणि ‘बहुत काय लिहिणे’वर संपणारे पत्र आधी कारकून वाचतो. नायिकेला लिहिता येत असेल तरी पत्र जासुदाच्या थैलीतून, म्हणजे चार हातांतून जाणार. त्यामुळे प्रेमपत्र दिसायला औषधाची किंवा लोणच्याची यादी असावे. ती यादी विरोधकाने वाचावी आणि त्यात काहीच नाही म्हणून सोडून द्यावी.

भाऊबंदकी: भांडण कशावर आहे ते रुपयांत लिहा

खलनायिकेला ‘मत्सर’ हे कारण देऊन भागत नाही. मत्सर दोन महिने पुरतो. तिला हवी असलेली वस्तू ठरवा: सरंजाम (चाकरीसाठी दिलेला मुलूख) कोणाच्या मुलाच्या नावे होणार, दत्तक कोणाच्या कुशीतून घेणार, कोठीच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला, सवाष्णींच्या पंगतीत पहिले पान कोणाचे. शेवटच्या दोन क्षुल्लक वाटतात, पण पडद्यावर त्याच चालतात, कारण त्या दिसतात. सरंजामाची सनद एका भागात एकदाच दिसते, किल्ल्यांचा जुडगा रोज वाजतो.

प्रत्येक स्पर्धकाला तीन गोष्टी द्या: एक कायदेशीर हक्क, एक खरे दुःख आणि एक माणूस जो तिच्यासाठी खोटे बोलेल. थोरल्या जावेचा मुलगा खरोखरच वयाने मोठा असू द्या. प्रेक्षकाला दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या पटल्या की मालिका चालते.

पुरुषांच्या बाजूला कारभारी, फडणीस, चिटणीस, खासगीवाले या कामांची सरमिसळ करू नका. हिशेब फडणिसाकडे, पत्रव्यवहार चिटणिसाकडे. कट रचायचा तर कोणत्या कागदाला कोणाचा हात लागतो हे माहीत हवे. पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह यांतली छापील पत्रे आठ दिवस वाचली तरी संशोधकाच्या हाती वीसेक खरे तंटे लागतात: पाणी, पाटीलकी, कर्ज, मानपान. त्यांतला एखादा उचला आणि नावे-गावे बदला.

बातमीचा वेग हे विरोधकाचे सगळ्यात धारदार हत्यार. पानिपतावरची बातमी नानासाहेबांपर्यंत पोचायला सुमारे दहा दिवस लागले आणि ती आली सावकारी पत्रातून, मोती-मोहरांच्या सांकेतिक भाषेत. दहा दिवस सत्य कुणालाच ठाऊक नसते. त्या दहा दिवसांत खोटे पत्र लिहिता येते.

शकुन-अपशकुन: नोंदवही ठेवा

लेखकांनी एक वही करावी, पाच रकाने: समजूत काय, ती कोण मानते, कोण मानत नाही, तिचा फायदा कोणाला होतो, कॅमेऱ्याला काय दिसते. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कॅमेऱ्याने समजुतीला दुजोरा द्यायचा नाही. ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळात व्यंग आले असा थेट जोड नको. बाळ तसे जन्मले आणि सासूने ग्रहणाची आठवण काढली, असा जोड हवा. फरक एका कटचा असतो. धूर, लाल प्रकाश, गडगडाट आणि झूम एकत्र आले की तुम्ही समजुतीला साक्ष दिलीत असे समजा.

निवड करताना भुतांपेक्षा रोजच्या नियमांकडे वळा. मुंजा, हडळ, ब्रह्मसमंध दोन भाग खेचतात, मग पुढे काय करायचे कळत नाही. सोवळे-ओवळे, सुतक, विटाळ, मुहूर्त, कौल या गोष्टी माणसांना जागेवरून हलवतात. बाजूला बसलेली बाई तीन दिवस स्वयंपाकघरात नसते. त्या तीन दिवसांत जेवणात काही कालवले गेले तर तिच्यावर आळ येऊ शकत नाही, आणि तेच तिला ठाऊक असेल तर ते कारस्थानही असू शकते. (हा विषय कुचेष्टेने किंवा गौरवाने लिहू नका; वाड्याचा नियम म्हणून कोरडा लिहा.) देवीला कौल लावताना उजवे फूल आधी पडले की डावे, यावर निर्णय थांबलेला असतो, आणि फूल चिकटवणारा गुरव हा माणूस असतो, त्याला लाच देता येते.

प्रवासाच्या समजुतींत एक हिरा आहे: प्रस्थान. मुहूर्तावर स्वतः निघता येत नसेल तर तलवार, वस्त्र किंवा अशी एखादी वस्तू गावाबाहेर पाठवून ठेवायची, म्हणजे मुहूर्त साधला. माणूस नंतर काही दिवसांत निघतो. शास्त्राने स्वतःच ठेवलेली ही पळवाट प्रेमकथेला किती कामाची आहे ते पुढच्या उदाहरणात दिसेल.

मोठा प्रसंग हवा असेल तर दिव्य, म्हणजे देवाला साक्षी ठेवून घेतलेली परीक्षा. वतनाच्या तंट्यात पुरावा तुल्यबळ झाला की रवा दिव्य घेत. चित्रीकरणासाठी क्रम असा: वादी स्नान करून ओलेत्याने उभा, हात धुवून, नखे कापून, आधीच्या जखमा, तीळ, व्रण पंचांसमोर लिहून घेतात, कढईत तेल-तूप तापते, त्यातला धातूचा रवा तो हाताने काढतो, हात पिशवीत बांधून वर शिक्का, तिसऱ्या दिवशी पिशवी उघडून हात पाहतात, निवाडा होतो. नाट्य कढईत नाही, मधल्या दोन रात्रींत आहे. बायको त्याला भरवते, हात दिसत नाही, फोड आला की नाही ते त्यालाही नीट कळत नाही, आणि विरोधक पिशवीच्या शिक्क्यापर्यंत पोचायचा प्रयत्न करतो. कढईचा प्रसंग अडीच मिनिटांत उरका, त्या दोन रात्रींना तीन भाग द्या. तेल कधीही खरे तापवू नका: गार तेलाखाली ड्राय आइसची वाफ, जवळच्या शॉटला कृत्रिम हात, आणि संकलनात उकळत्या तेलाचा वेगळा इन्सर्ट.

दोन आठवड्यांचा नमुना

बारा भाग, तिन्ही ट्रॅक एका गाठीत. सरदार घराणे, थोरली आणि धाकटी जाऊ, सासरे नाहीत, चुलत सासरे हिंदुस्थानात मोहिमेवर, त्यांची बायको (काकू) वाड्यात. थोरलीला मुलगा आहे, धाकटीला मूल नाही. धाकटी वर्षभर माहेरी होती, दसऱ्याला परत येणार. धाकट्याचे कूच आश्विन शुद्ध चतुर्दशीला ठरले आहे. गेला की मृगापर्यंत येणार नाही. थोरलीला एवढेच हवे आहे की हे दोघे त्या चार दिवसांत भेटू नयेत.

भाग १-२. धाकटी दशमीला वाड्यात येते. सोने वाटण्याच्या गर्दीत दोघांची नजरानजर, बोलणे नाही. थोरली मोकळ्या मनाने ओटी भरते. भाग दोनच्या शेवटी तिचा भाऊ थैली घेऊन देवडीवर.

भाग ३. पत्र वाचले जाते: चुलते बारा दिवसांपूर्वी वारले. इथे गणित तपासा. सपिंडाच्या (जवळच्या भाऊबंदाच्या) मृत्यूची बातमी दहा दिवसांच्या आत कळली तर उरलेले दिवस सुतक, दहा दिवस उलटल्यावर कळली तर सर्वसाधारणपणे तीन दिवस. थोरलीने या खोट्या पत्रात तारीख मुद्दाम अशी घातली आहे की सुतक तीनच दिवसांचे यावे, एकादशी ते त्रयोदशी. दहा दिवसांचे आले असते तर कूचच थांबले असते आणि तो घरीच राहिला असता. चलाख पात्राची चलाखी अशी आकड्यात दिसली पाहिजे.

भाग ४-५. दोघे एका छपराखाली, पण सुतकात. धाकटी माजघरात काकूंपाशी बसलेली, तो ओसरीवर. आता थोरलीच्या ध्यानात न आलेला परिणाम: काकूंचे कुंकू. वाड्यातल्या बायका त्यांच्या बांगड्या उतरवायला येतात आणि काकू नकार देतात. ‘देह कुणी पाहिला?’ त्या काळात हे अशक्य नव्हते. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी पानिपतानंतर स्वतःला विधवा मानले नाही, आणि पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला त्याला बळ मिळाले ते या अनिश्चिततेचेच; १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. पात्रांच्या तोंडी पार्वतीबाईंचा उल्लेख येऊ शकतो, खिडकी १७६१ नंतरची असल्यामुळे.

भाग ६. आठवड्याचा शेवट. थोरली काकूंचे कपाळ पाहते, खरे सांगायला तोंड उघडते आणि तिचा मुलगा विचारतो, ‘आई, आता सरंजाम माझा ना?’ ती गप्प राहते. हा भाग तिचा आहे, नायिकेचा नाही.

भाग ७-८. त्रयोदशी. जोशी सांगतात, चतुर्दशीचा मुहूर्त चुकवता येत नाही, मोहिमेला बाधेल. धाकट्याला मुहूर्त मोडायचा नाही, कारण तो स्वतः मानतो. नायक आजच्यासारखा ‘मी असल्या गोष्टी मानत नाही’ म्हणू लागला तर कथेतले सगळे बळ निघून जाते. मग जुना हुजऱ्या प्रस्थान सुचवतो. तलवार आणि शेला मुहूर्तावर डेऱ्याकडे रवाना. वाड्याला वाटते तो गेला.

भाग ९. सुतक फिटल्यानंतरची रात्र, माडी, कोजागिरीचा चंद्र. इथेच ते ‘तुम्ही’. संवाद एका पानाच्या वर नको.

भाग १०-११. पहाटे देवडीवरच्या नोंदीत तलवार गेली पण घोडा गेला नाही हे थोरलीचा भाऊ पाहतो. थोरली ही गोष्ट उघड करू शकत नाही, कारण विचारपूस पत्रापर्यंत जाईल. म्हणून ती शकुन वापरते: मोहिमेवर काही वाईट झाले तर दोष धाकटीच्या पायगुणाला, ही कुजबूज ती स्वयंपाकघरात सोडून देते.

भाग १२. तो गेला. धाकटीला दिवस गेले आहेत की नाही हे महिन्याभराने कळेल. कळेल तेव्हा वाड्याच्या हिशेबाने तो त्या रात्री घरी नव्हताच. गाठ बसली.

पुढे चुलते जिवंत परततील तेव्हाही धर्मशास्त्र साहित्य पुरवते. मेला समजून उत्तरक्रिया झालेला माणूस परत आला तर त्याला तुपाने न्हाऊ घालून जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करावेत आणि त्याने आपल्याच पत्नीशी पुन्हा लग्न करावे, असे निबंधग्रंथ (धर्मशास्त्राचे संकलनग्रंथ) सांगतात. साठीचे काका-काकू पुन्हा बोहल्यावर. त्यासाठी महाएपिसोड राखून ठेवा.

नियम, परवाने

केबल टीव्ही नियमावली, १९९४ मधल्या कार्यक्रम संहितेच्या नियम ६ मध्ये अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवू नये असे स्पष्ट आहे. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यात प्रचार-प्रसारालाही शिक्षा आहे, सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. वहीतला कॅमेऱ्याचा रकाना म्हणून वाहिनीच्या वकिलाला दाखवण्यासारखा भरा. भागाच्या सुरुवातीची सूचना हा बचाव असतो, परवाना नसतो. करणीच्या विधीचे साहित्य आणि मंत्र क्रमवार दाखवू नका. प्रेक्षकाला कृती मिळता कामा नये.

बालकलाकार दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि उत्पन्नाचा किमान वीस टक्के हिस्सा मुलाच्या नावे मुदत ठेवीत. बालपणाचा ट्रॅक सहा महिने चालवायचा असेल तर हे आकडे वेळापत्रकाला आधीच लावा, नाहीतर लीप लेखकाला हवा त्याच्या महिनाभर आधी घ्यावा लागतो. घोडे, मांजरे, कोणताही प्राणी आणायचा तर पशुकल्याण मंडळाची पूर्वपरवानगी. घुबड वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. त्याचा आवाज पुरतो.

सेटवर काय बिघडते

सर्वाधिक चुका कुंकवाच्या. सुतकातल्या, सोवळ्यातल्या, विधवा झालेल्या आणि विधवा व्हायला नकार दिलेल्या, अशा चारही अवस्था एकाच दिवशी उलटसुलट क्रमाने चित्रित होतात. प्रत्येक स्त्री-पात्राचा ‘कपाळ तक्ता’ भागवार करा आणि मेकअप, वेशभूषा, सहायक दिग्दर्शक तिघांकडे एकेक प्रत ठेवा. काकूंच्या नकाराची सगळी गंमत कुंकवात आहे; भाग पाचमध्ये ते एका शॉटपुरते नाहीसे झाले तर गोष्ट तिथेच मेली.

दुसरी चूक उजेडाची. समई, चिराखदान, दिवट्या, हंड्या, मशाली हे सगळे चालते; पण माजघर स्टुडिओसारखे उजळलेले असेल तर अंधारात कुणी कुणाला ओळखले नाही यावर कोण विश्वास ठेवणार? तिसरी चूक संवादलेखकाची. कथा, पटकथा आणि संवाद तिघे वेगवेगळे लिहितात आणि ‘इकडून’चा नियम पटकथेत नसतो. तो पात्रपरिचयातच लिहून ठेवा: कोण कोणाला काय म्हणते, एका पानाचा चौकोनी तक्ता. श्रीमंत, रावसाहेब, दादासाहेब, वहिनीसाहेब, काकू, बाई. नवा संवादलेखक आला तर पहिल्या दिवशी त्याच्या हातात हा तक्ता द्या, गोष्टीचा सारांश नंतर.

आणि टीआरपी घसरला की वाहिनीकडून सूचना येतेच: ‘काहीतरी अघोरी आणा.’ तेव्हा वही उघडा आणि ज्या समजुतीचा फायदा अजून कोणी घेतलेला नाही अशी ओळ शोधा. बहुतेक वेळा ती सापडते. नाही सापडली तर प्रस्थानावर ठेवलेली तलवार डेऱ्यातून चोरीला जाऊ द्या.